गेम एकट्याचा, मग सर्व्हर कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकट्यानेच खेळायचा गेम रीतसर पैसे मोजून घेतला, साठ-सत्तर जीबी डाउनलोड केला, आणि तालुक्याच्या गावी नेट पाच मिनिटं गेलं तरी गेम मेन मेनूवर आणून सोडतो. मित्राकडची क्रॅक केलेली, म्हणजे संरक्षण तोडलेली, कॉपी मात्र नेटशिवाय झकास चालते. असं का? कंपनीला याची खरंच गरज असते का, आणि आपण काय करू शकतो?

मी गेम कंपनीत काम केलेलं नाही. पण पुण्यात बरीच वर्षं डेस्कटॉप सॉफ्टवेअरचं लायसन्सिंग लिहिणं हेच माझं काम आहे. अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर, टोकन, 'हे लायसन्स दुसऱ्या मशीनवर चालू आहे' असा मेसेज दाखवणारा कोड, हा सगळा कारभार. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांची अडचणही मला कळते. तरीही तुमचा वैताग रास्त आहे.

आधी एक फरक समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. काही गेम पहिल्यांदा सुरू करताना एकदाच नेट मागतात. लायसन्स तपासतात, तुमच्या मशीनवर टोकन, म्हणजे परवानगीची एक छोटी खूण, ठेवतात आणि मग गप्प बसतात. काही गेम चालू असताना सतत सर्व्हरला हाक मारत राहतात आणि ओ मिळाली नाही की थांबतात. तिसऱ्या प्रकारात गेमचाच काही भाग, म्हणजे सेव्ह, बक्षिसं, शत्रूंचा हिशेब, तुमच्या मशीनवर नसून कंपनीच्या सर्व्हरवर असतो. पहिल्या दोन प्रकारांत वॉचमन दारात उभा आहे, तिसऱ्यात घराची एक खोलीच बिल्डरने आपल्याकडे ठेवली आहे. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. 'इंटरनेट आवश्यक' एवढीच एक ओळ स्टोअरच्या पानावर, तीही बारीक अक्षरात.

या प्रकरणाला खरी सुरुवात २०१० मध्ये झाली. त्याआधी २००८ च्या 'स्पोअर'मध्ये तीनच अ‍ॅक्टिव्हेशनची मर्यादा होती, त्यावरून अ‍ॅमेझॉनवर एका स्टारच्या रिव्ह्यूंचा पाऊस पडला होता. पण ते निदान दारातच अडवणं होतं. मार्च २०१० मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने 'अ‍ॅसॅसिन्स क्रीड २' आणि 'सायलेंट हंटर ५' पीसीवर आणले ते नव्या अटीसह: खेळत असताना पूर्ण वेळ नेट हवं. एक गेम इटलीतल्या गच्च्यांवरून उड्या मारण्याचा, दुसरा समुद्राखाली पाणबुडी चालवण्याचा. दोन्ही गोष्टी एकट्यानेच करायच्या. आल्या-आल्या पहिल्याच आठवड्यात कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेली माणसं गेमबाहेर बसली. म्हणजे नेट तुमचं चालू, वीज तुमची चालू, पण दुसऱ्या देशातलं एक यंत्र आजारी पडलं म्हणून तुमची पाणबुडी बंद.

त्यातली तांत्रिक बाब रंजक आहे. 'अ‍ॅसॅसिन्स क्रीड २' नुसता 'लायसन्स आहे का' एवढंच विचारत नव्हता. खेळ पुढे सरकायला लागणारी काही मूल्यं सर्व्हरकडून येत होती, त्यामुळे तपासणीचा कोड कापून टाकला तरी गेम मध्येच अडायचा. क्रॅक करणाऱ्यांनी मग कोड कापण्याऐवजी सर्व्हर काय काय उत्तरं देतो ती गोळा केली आणि तीच उत्तरं देणारा खोटा सर्व्हर आपल्याच मशीनवर बसवला. साधारण दीड महिन्यात काम तमाम. तुमच्या मित्राची कॉपी चालते ती बहुतेक याच तऱ्हेने: एकतर वॉचमनला हाकललेलं असतं, नाहीतर दारात त्याच्यासारखा दिसणारा, सगळ्यांना सलाम ठोकणारा तोतया बसवलेला असतो. युबिसॉफ्टने पुढे ही सक्ती सैल केली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये, यापुढे एकदाच अ‍ॅक्टिव्हेशन, असं जाहीर केलं.

आता तुमच्या घरी नेमकं काय घडतं ते पाहू, कारण लोकांचा समज असा की 'माझं नेट फालतू आहे म्हणून'. तसं नसतं. समजा संध्याकाळी लाईट गेली. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे, पीसी आणि राउटर दोन्ही चालू. पण केबलवाल्याचा जो स्विच गल्लीतल्या खांबावरच्या पेटीत बसवलेला असतो, त्याची बॅटरी कधीच मेलेली असते. राउटरवर वाय-फायचा दिवा हिरवाच, शेजारचा एलओएसचा, म्हणजे बाहेरून सिग्नल येत नसल्याचा, दिवा मात्र लाल. गेमचा कोड ठरावीक सेकंदांनी सर्व्हरला 'मी आहे' असं कळवत असतो, त्याला हार्टबीट म्हणतात. उत्तर नाही आलं तर दोन-तीनदा पुन्हा विचारायचं आणि मग सोडून द्यायचं. किती वेळ वाट पाहायची हा आकडा कोणीतरी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिलेला असतो, आणि तो लिहिणाऱ्याच्या ऑफिसात लीज्ड लाइन असते, वर तिला दुसरी राखीव लाइन असते. त्याला तीस सेकंद म्हणजे भरपूर वाटतात.

मग तुम्ही मोबाइलचा हॉटस्पॉट लावता. इथे दुसरा घोळ. तुमचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेर दिसणारा नेटचा पत्ता, बदलला. काही सर्व्हर चालू सेशन आयपीशी बांधून ठेवतात; त्यांना वाटतं, हेच अकाउंट एकीकडे चालू असताना दुसरीकडून कोणीतरी शिरतंय. ते तुम्हाला बाहेर काढतात, आणि जुनं सेशन आपोआप संपेपर्यंत नवं लॉग-इन घेत नाहीत. 'आपण आधीच लॉग-इन आहात' असा मेसेज येतो आणि आपण स्वतःचाच दरवाजा ठोठावत बसतो. हे सगळं टाळता येतं. तुटलेलं सेशन पुन्हा जोडायला मुदत द्यायची, तोवर सेव्ह मशीनवरच साठवायचं, नेट आलं की वर पाठवायचं. मोबाइलवरची नोट्सची साधी अ‍ॅप हे रोज करतात. अवघड काही नाही, फक्त कोणीतरी ते करायचं ठरवावं लागतं.

'आमचा गेम सर्व्हरशिवाय चालूच शकत नाही' हे कंपन्यांचं आवडतं वाक्य. कधी ते खरं असतं. सगळ्या पृथ्वीचा नकाशा पायाखाली वाहता ठेवणाऱ्या फ्लाइट सिम्युलेटरचा अख्खा डेटा घरच्या हार्ड डिस्कवर मावणार नाही, तिथे माझी तक्रार नाही. पण या वाक्याची खरी परीक्षा झाली ती 'सिमसिटी'त, आणि ती गोष्ट जरा नीट सांगण्यासारखी आहे.

५ मार्च २०१३ ला 'सिमसिटी' आला. शहर बसवायचा खेळ, पिढ्यान्पिढ्या एकट्याने खेळला गेलेला. या आवृत्तीला कायम नेट लागणार, कारण तो बनवणाऱ्या मॅक्सिसच्या म्हणण्याप्रमाणे शहराच्या गणिताचा बराच भाग त्यांचे सर्व्हर करतात. पहिल्याच दिवसापासून सर्व्हर कोलमडले. लोक रांगेत. भार कमी करायला मॅक्सिसची मालक कंपनी ईएने गेममधला सगळ्यात जलद वेग, 'चीता स्पीड', बंदच करून टाकला. म्हणजे पैसे घेतलेल्या गेममधून एक बटण परत काढून घेतलं. भरपाई म्हणून आणखी एक गेम फुकट देऊ केला. एवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं की खेळताना नेटची वायर काढली तरी शहर मजेत चालत राहतं, रस्ते भरतात, वीज फिरते, आणि साधारण वीस मिनिटांनी गेम आपणहून थांबतो. गेममध्ये स्वतः फेरफार करणाऱ्या एका मॉडरने ते घड्याळच काढून टाकून दाखवलं. म्हणजे शहराचं गणित तुमच्याच मशीनवर होत होतं.

इतक्यावर सगळे थांबतात आणि 'कंपनी खोटारडी' म्हणून मोकळे होतात. पण पुढचा भाग माझ्यासारख्याला जास्त महत्त्वाचा वाटतो. मार्च २०१४ मध्ये, वर्षभराने, अपडेट १० मधून ऑफलाइन मोड आला. त्याआधी मॅक्सिसच्या इंजिनिअरने लिहिलं होतं की या कामाला साडेसहा महिने लागले, कारण शेजारच्या शहरांशी होणारे व्यवहार सांभाळणारा सर्व्हरचा भाग जावामध्ये होता आणि तो सी++ मध्ये नव्याने लिहून गेमच्या आत बसवावा लागला. मला हे पूर्ण पटतं. सर्व्हरवर थोडंसंच काम होत होतं हे खरं, आणि ते थोडंसं काम बाहेर काढायला अर्धं वर्ष लागलं हेही खरं. पहिल्या दिवशी 'हे सर्व्हरवर ठेवू' असं कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणतो तेव्हा ते फुकट वाटतं. भिंत बांधून झाल्यावर दार काढणं महाग पडतं. म्हणून 'एक पॅच टाका की' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि 'ऑफलाइन अशक्य आहे' म्हणणाऱ्यांशी तर मुळीच नाही.

'डायब्लो ३' मध्ये तर कंपनीनेच स्वतःला खोडून काढलं. १५ मे २०१२ ला गेम आला आणि जगभर लोकांना 'एरर ३७' दिसला, म्हणजे सर्व्हरवर गर्दी आहे. एकट्याने खेळणाऱ्यालाही रांग. दक्षिण कोरियात तक्रारी इतक्या गेल्या की तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीच्या कार्यालयाची झडती घेतली. तोच गेम सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आला तेव्हा नेटशिवाय चालत होता. मग पीसीवरच सक्ती का? कारण पीसीवर खऱ्या पैशांत वस्तू विकायचा लिलाव बाजार होता. तलवार जर खऱ्या डॉलरला विकली जाणार असेल, तर ती कोणाच्या तरी मशीनवरच्या फाइलमध्ये ठेवून चालत नाही. उद्या तो फाइल बदलून शंभर तलवारी करेल. तो बाजार मार्च २०१४ मध्ये बंद झाला, पीसीवरची सक्ती मात्र राहिली.

इथे तुमच्या 'का?'चं खरं उत्तर सापडतं. आजकाल कायमच्या नेटची सक्ती चोरी थांबवण्यासाठी कमी आणि गेममधलं दुकान सांभाळण्यासाठी जास्त असते. मार्च २०२२ मध्ये 'ग्रॅन टुरिस्मो ७'चे सर्व्हर एका अपडेटमुळे दिवसभराहून अधिक काळ बंद राहिले, आणि लोकांना एकट्याने खेळायच्या शर्यतीही खेळता आल्या नाहीत, कारण सगळी प्रगती सर्व्हरवर. त्या गेममध्ये गाड्या घ्यायला लागणारं चलन खऱ्या पैशांनीही मिळतं. आधीच्या 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट'चे सर्व्हर जानेवारी २०२४ मध्ये बंद करताना त्याच कंपनीने बराचसा गेम ऑफलाइन चालेल असं अपडेट दिलं. करायचं म्हटलं की करता येतं.

चोरीचं म्हणाल तर तिथे मी कंपन्यांच्या बाजूने थोडं बोलतो. नवा गेम पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त विकला जातो. तेवढा काळ क्रॅक येऊ न देणं याला किंमत आहे. डेनुवो नावाच्या संरक्षणावर २०२४ मध्ये एक अभ्यास पुढे आला. गेम लवकर क्रॅक झाला तर उत्पन्नात सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास घट, आणि बारा आठवड्यांनंतर क्रॅक झाला तर जवळपास काहीच फरक नाही, असा त्याचा निष्कर्ष. हे माझ्या अनुभवाशी जुळतं. म्हणजे कुलूप लावायचं तर लावा, पण तीन महिन्यांनी काढा. २०१६ च्या 'डूम'मधून डेनुवो त्याच वर्षाच्या डिसेंबरात काढलं होतं, जगबुडी झाली नाही. उलट कुलूप कायम ठेवलं की काय होतं त्याचा नमुना नोव्हेंबर २०२१ मध्ये दिसला: डेनुवो वापरणारे बरेच गेम काही तास सुरूच होईनात, आणि संरक्षणासाठी वापरलेल्या एका डोमेनची मुदत संपल्याचं वृत्त आलं. आमच्या धंद्यात सर्टिफिकेट आणि डोमेनच्या तारखा ज्या कोणाच्या कॅलेंडरवर असतात तो नोकरी सोडून गेला की असं होतं. हॅकर वगैरे पुढची गोष्ट.

आणि सपोर्टच्या फोनवर कोण असतं? पैसे भरलेला माणूस. क्रॅकवाला कधीच फोन करत नाही, त्याचं सगळं सुरळीत चालू असतं. हा मुद्दा मी कित्येक मीटिंगांत मांडला आहे. माना डोलावल्या जातात, आणि पुढच्या स्लाइडवर जातात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण नेट जाण्यापेक्षा मोठी गोष्ट सर्व्हर कायमचा जाण्याची आहे. 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांचा गेम, एकट्यानेही खेळता येणारा. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि घरात डिस्क असलेल्यांचाही गेम संपला. यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभारली. मागणी साधी आहे: सर्व्हर आयुष्यभर चालवा असं नाही, बंद करताना गेम चालता ठेवून जा. युरोपीय महासंघातल्या त्यांच्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांची अट ओलांडली. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की मालकी न देता फक्त वापरायचं लायसन्स देत असाल तर ते ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवं. म्हणूनच स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या कार्टमध्ये आता तशी ओळ दिसते. ओळ दिसल्याने गेम चालत नाही, पण निदान झाकलेलं उघडं झालं.

आता क्रॅकचं. टोरंटवरून घेतलेली कॉपी ही सरळ चोरी, त्यात 'पण' नाही. शिवाय त्यातलं काय आपल्या मशीनवर बसतंय हे कळायला मार्ग नसतो. बँकेचं काम त्याच पीसीवर करत असाल तर हात जोडून सांगतो, नको. स्वतः विकत घेतलेल्या गेमचं कुलूप स्वतःपुरतं काढणं ही थोडी वेगळी गोष्ट. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. त्यात कुलूप तोडणं गुन्हा आहे तो हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूने तोडल्यास, आणि कायद्याने स्पष्टपणे मनाई नसलेल्या कामासाठी केलेल्या गोष्टींना त्यातून वगळलं आहे. अमेरिकेत तर २०१५ पासून, अधिकृत सर्व्हर बंद पडलेल्या गेमसाठी खेळाडूंना मर्यादित सूट आहे. मी वकील नाही. कलम वाचून स्वतःचं मत बनवा. मी स्वतः क्रॅकच्या वाटेला जात नाही, कारण पैसे देऊनही नेटशिवाय चालणारे गेम आयुष्याला पुरतील इतके आहेत.

ते कुठे मिळतात? जीओजी या स्टोअरवर ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. तो उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, उद्या स्टोअर बुडालं तरी गेम तुमचा. 'द विचर ३' २०१५ मध्ये पहिल्या दिवसापासून तिथे कुलूपाशिवाय होता आणि सगळे प्लॅटफॉर्म धरून ५ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. 'बाल्डर्स गेट ३' सुद्धा तिथे आहे. तरी डोळे झाकून घेऊ नका. २०२१ मध्ये तिथे 'हिटमॅन' आला होता, गेमची बरीच बक्षिसं नेटशी बांधलेली, लोकांनी रिव्ह्यूंत धुतला आणि स्टोअरने तो काढून टाकला.

स्टीमवर घेत असाल तर पानाच्या उजव्या बाजूला तिसऱ्या कंपनीचं अकाउंट किंवा डीआरएम, म्हणजे असलं डिजिटल कुलूप, लागतं का ते वाचा. स्टीमचा स्वतःचा ऑफलाइन मोड बरा आहे, फक्त नेट असतानाच प्रत्येक नवा गेम एकदा चालवून घ्या आणि मग ऑफलाइन व्हा. लाईट गेल्यावर ते सुचून उपयोग नाही. डेनुवोवाले गेम मोठ्या अपडेटनंतर किंवा प्रोसेसर बदलल्यावर पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागू शकतात. गावी जाण्याआधी एकदा उघडून बघा.

तुमच्या हातात आत्ता असलेल्या गेमसाठी: राउटरला मोबाइल डेटाचा राखीव मार्ग जोडण्यापेक्षा, सेशन सुरू करतानाच कोणतं नेट स्थिर आहे ते ठरवा आणि मध्ये बदलू नका. आयपी बदलण्याचा घोळ निदान टळेल. याहून जास्त आपल्या हातात नाही, कारण तुमच्या वर्णनावरून तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारातला दिसतो.

पुढचा गेम घ्याल तेव्हा पहिल्याच दिवशी तासाभरात परीक्षा घ्या. खेळ रंगात आला की राउटरची मागची वायर काढा आणि अर्धा तास तशीच राहू द्या. 'सिमसिटी'चं घड्याळ वीस मिनिटांचं होतं, म्हणून पाच मिनिटांवर विश्वास ठेवू नका. मग गेम बंद करून पुन्हा उघडा, सेव्ह जागेवर आहे का बघा. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. कारण लिहायच्या चौकटीत 'आवडला नाही' लिहू नका, 'एकट्याने खेळायचा गेम नेटशिवाय चालत नाही' असं लिहा. आमच्याकडे परताव्याच्या कारणांचा तक्ता दर महिन्याला प्रॉडक्टवाल्यांपुढे जायचा, आणि टाइमआउटचा आकडा मी वाढवून मागितला तेव्हा त्या तक्त्यातली एक ओळच दाखवली होती.